पायी, एकट्याने नर्मदा परिक्रमा पूर्ण केलेल्यांनी शेवटच्या दिवसाविषयी लिहावे

पाऊलवाट
काल माळा आवरताना परिक्रमेतील काठी हाती लागली. बडवानीच्या लोहाराकडून तिच्या टोकाला बसवून घेतलेली लोखंडी टोपी झिजून पत्र्यासारखी झाली आहे आणि मुठीपाशी माझ्या अंगठ्याचा खळगा अजून तसाच आहे. ती हातात घेतली आणि परिक्रमेचा 134वा, म्हणजे शेवटचा दिवस जसाच्या तसा समोर उभा राहिला, म्हणून हा धागा काढत आहे. वाटेतील अनुभव पुष्कळ जण सांगतात, परंतु पूर्ण झाल्यावर काय झाले, हे फारसे कोणी लिहीत नाही.

ओंकारेश्वरच्या गोमुख घाटावरून कार्तिकात निघालो, ते नदी उजव्या हाताला ठेवून आणि ती कुठेही न ओलांडता, दोन्ही तट मिळून अडीच हजारांहून अधिक किलोमीटर चालून फाल्गुनात पुन्हा त्याच घाटावर आलो. मुंडन, कन्याभोजन आणि शिऱ्याची कढाई झाली. आता पूल ओलांडून मांधाता बेटावर ओंकारेश्वराला वाटभर बरोबर बाळगलेल्या कुपीतील नर्मदेचे जल वाहायचे एवढेच उरले होते. पुलाच्या पहिल्या पायरीशी आलो आणि माझा पाय उचलेना. इतके दिवस जे करायचे नाही म्हणून जपले, तेच आता करायचे होते! मागून येणाऱ्या एका आजीबाईंनी, "चलो महाराज, अब छूट है," असे म्हणून पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठे मी निघालो. पुलाच्या मध्यावर नदी प्रथमच दोन्ही हातांना दिसली आणि मला गरगरल्यासारखे झाले.

सातपुड्याची_लेक
दादा, पुलाचे वाचून अंगावर काटा आला. मी धडगावची आहे. परिक्रमा केलेली नाही, त्यामुळे धाग्यात बसत नाही, तरी लिहिते. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा जेमतेम 54 किलोमीटरचा काठ येतो आणि सरदार सरोवराच्या पाण्यामुळे जुनी काठावरची वाट बुडाल्याने परिक्रमावासी आता डोंगर चढून आमच्या पाड्यांवरून जातात. शूलपाणीच्या झाडीत (आमच्याकडील काठावरच्या जंगलात) लुटतात, ही जुनी गोष्ट ऐकून लोक बिचकत येतात आणि मक्याची भाकरी खाऊन पुढे जातात. त्यांतील कोण पोहोचले, हे मात्र आम्हाला कधीच कळत नाही. आज एक जण पोहोचलेला कळला.

पाऊलवाट
ताई, तुमच्याकडील एका पाड्यावर मी दोन दिवस तापाने पडून होतो. तेथील माउलीने कुळथाचे कढण पाजले नसते, तर हा धागा निघाला नसता.

उत्तरतट
शेवटच्या दिवसाहून मला त्याआधीचा आठवडाच जड गेला. अमरकंटकहून दक्षिण तटाने परतताना बांद्राभानला तवा ओलांडली (उपनदी ओलांडायला हरकत नसते), हंडिया मागे पडले आणि त्यानंतर इंदिरा सागर धरणाच्या फुगवट्यामुळे नदी सोडून दूरच्या डांबरी रस्त्याने फिरावे लागले. जिच्यासाठी चाललो ती दिसत नाही, मालमोटारी अंगावरून जातात आणि सोबतीला कोणी नाही. रागाने मी मोठमोठ्याने "नर्मदे हर" म्हणत होतो, तेव्हा चहाच्या टपरीवाल्याने काळजीने विचारले, की महाराज, कोणाशी भांडण झाले का?

चुलीपुढून
तो टपरीवाला मनकवडा होता! मी एकटी चालले होते आणि वाटेत चार महिने सर्वांच्या तोंडी 'माताजी, माताजी' होते. घरी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दळणाचा डबा हाती दिला. राग आला नाही, उलट बरे वाटले. पण गिरणीच्या वाटेने जाताना माझी मान सारखी उजवीकडे वळत होती आणि तिकडे औषधांचे दुकान होते. पलंगावर झोप येईना, म्हणून महिनाभर ओट्याशेजारी सतरंजीवर झोपले. कुकर लावला आहे, शिट्टी झाली, उरलेले नंतर लिहिते.

विमलेश्वरपर्यंत
आपण पूर्ण केलेल्यांना बोलावले आहे आणि माझी पूर्ण झालेली नाही. नदीच्या मुखाशी, दक्षिण तटावरील विमलेश्वरला समुद्र पार करणाऱ्या नावेसाठी भरतीची वाट पाहत थांबलो असताना पहाटे उठलो, तो गुडघा वाकेना. नाव चिखलापलीकडे उभी होती, बाकीचे पलीकडे उत्तर तटावरील मिठी तलाईकडे गेले आणि मी काठावरून त्यांचे कंदील लहान होताना पाहिले. सहा वर्षे झाली. कुपी देवघरात आहे, अर्धी भरलेली.

पाऊलवाट
काका, आपण मुद्दाम लिहिलेत याबद्दल आभारी आहे. गुडघ्याचे आता कसे आहे?

विमलेश्वरपर्यंत
जिना चढतो, उतरताना कठडा धरावा लागतो. आपण काठीला टोपी बसवून घेतली, ती खिळ्याने ठोकून की तापवून? माझी दर चार दिवसांनी निघत असे.

पाऊलवाट
तापवून. लाल झालेली टोपी त्याने टोकावर दाबली, धूर निघाला आणि लगेच पाण्यात बुडवली. ती आजही हलत नाही.