श्वासमार्गाचं 'आकुंचन' की 'अरुंद श्वासमार्ग'?

प्रश्न : दुर्मिळ जनुकीय आजार असलेल्या तान्ह्या बाळांच्या पालकांसाठी माहितीपत्रक लिहितेय. मसुद्यात सगळीकडे 'श्वासमार्गाचं आकुंचन' आलंय. बरोबर आहे का? आणि 'स्ट्रायडर'ला, म्हणजे श्वास घेताना येणाऱ्या कर्कश आवाजाला, 'घरघर' म्हणावं का?

उत्तर : 'आकुंचन' काढाच. आकुंचन म्हणजे आवळणं, आणि आवळलेलं सैल होऊ शकतं. दम्यात तसंच होतं, म्हणून नेब्युलायझरचं औषध लागू पडतं. एपर्ट किंवा फायफर सिंड्रोम या जनुकीय आजारांत चेहऱ्याचा मधला भागच खुरटलेला असतो, नाकामागची वाट जन्मतःच चिंचोळी. तिथे औषधाने सैल होण्यासारखं काही नसतं. 'अरुंद' लिहा.

चार्ज सिंड्रोम हा जनुकीय आजार असलेल्या काही बाळांत मात्र नाकाची मागची बाजू पूर्ण बंद असते. तान्ही बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. दोन्ही बाजू बंद असल्या तर बाळ गप्प असताना निळं पडतं आणि रडायला तोंड उघडलं की गुलाबी होतं. याला 'बंद'च म्हणा.

ट्रॅकिओमलेशियात श्वासनलिकेची कूर्चा मऊ असते, श्वास सोडताना नळी मिटते. 'ढिली' हा शब्द इथला. दम्याचं औषध इथे त्रास वाढवू शकतं, कारण नळीच्या मागचा स्नायू आणखी सैलावतो. सगळ्याला 'आकुंचन' म्हटलं तर आईवडील डॉक्टरांकडे वाफच मागत राहतील.

आणखी एक उत्तर : वरच्या उत्तराशी सहमत. 'पिअर रॉबिन सिक्वेन्स'ला 'साखळी' म्हणावं. खालचा जबडा लहान, म्हणून जीभ मागे पडते, आणि जीभ मध्ये आल्याने बहुतेकदा टाळू जुळत नाही. अनेक बाळांना देखरेखीखाली पालथं किंवा कुशीवर ठेवूनच बरं वाटतं. (इतर बाळांना उताणंच झोपवायचं, हे पत्रकात ठळक छापा.) तेवढ्याने भागलं नाही तर नाकातून घशापर्यंत नळी, काहींना जबडा लांबवण्याची शस्त्रक्रिया, काहींना ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवणं.

आणि 'घरघर' नकोच! 'घरघर लागली' वाचून कुठल्या आईच्या पोटात गोळा येणार नाही? 'श्वास आत ओढताना येणारा कर्कश आवाज' लिहा. 'पोट उडतंय', 'गळ्याखाली खळगा पडतोय' हे पालकांचेच शब्द आहेत, ते ठेवा. एक वाक्य मात्र हवंच : बाळ दमलं की हा आवाज कमी होतो, त्यामुळे आवाज मंदावला पण खळगा तसाच पडतोय, तर लगेच दवाखान्यात न्या.