प्लास्टरमधला घोडा: धडधाकट पायाचं काय तपासायचं?

नालबंद: बार्बारो या शर्यतीच्या घोड्याचा उजवा मागचा पाय २० मे २००६ ला प्रीकनेस या अमेरिकेतल्या शर्यतीत मोडला. प्लेट आणि २७ स्क्रू बसले, हाड जुळत होतं. तरी जुलैत डाव्या मागच्या खुराला लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या पापुद्र्यांचा दाह) झाला. असं होऊ नये म्हणून रोज काय बघायचं?

खरारा: खुराच्या आतलं हाड पापुद्र्यांनी कवचाला धरून असतं. घोडा उभ्या उभ्या भार बदलतो, म्हणून तिथे रक्त खेळतं. एक पाय दुखला की दुसऱ्याला उसंतच नाही. त्यामुळे वेदनाशामक कमी करायची घाई नको. चांगल्या खुराच्या तळाला पहिल्या दिवसापासून मऊ आधार द्या.

लगाम: सकाळ-संध्याकाळ फेटलॉकच्या (खुराच्या वरच्या, घोट्यासारख्या सांध्याच्या) मागच्या कडांवर बोटं टेकवून नाडी बघा. ठोके नव्हे, जोर! दणदणीत लागली तर धोका. खुराच्या वरच्या कडेवर बोट फिरवा. खळगा लागला तर हाड खाली सरकलंय. तासाभरात पाय किती वेळा उचलतो, तेही लिहून ठेवा.

खरारा: महत्त्वाचं राहिलं. प्लास्टरच्या पायावर अचानक जास्त भार टाकायला लागला तर ‘सुधारतोय’ समजू नका. बहुधा दुसरा खूर दुखतोय. त्याच दिवशी एक्स-रे काढा.