मदत हवी आहे : मैदानात बोलताना वाक्याचा शेवट गिळला जातो

३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त शाळेत मला दहा मिनिटं बोलायचं आहे. समोर पाचवी ते दहावीची मुलं, मागे पालक. कार्यक्रम उघड्या मैदानात, आवाजासाठी खांबावरचे भोंगे, आणि समोरच्या इमारतीवर आदळून प्रत्येक शब्द परत येतो. पोडियम नाही, माइक हातात धरावा लागतो, म्हणजे कागदासाठी एकच हात.

मजकूर तयार आहे : १८४८ सालची भिडे वाड्यातली शाळा, अंगावर शेण-चिखल झेलत शिकवायला जाणं, शेवटी १८९७ च्या प्लेगमधली रुग्णसेवा. त्यात अडचण नाही. पूर्ण लिहून पाठ केलं तर वक्तृत्व स्पर्धेतल्या मुलासारखं वाटतं. म्हणून आता कार्डांवर फक्त मुद्दे ठेवलेत, ते बरं जमतंय.

पण मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं तर वाक्याच्या शेवटी आवाज पडतो. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे सावित्रीबाईंनी शाळा काढली की सोडली, हेच कळत नाही! मोठ्याने बोलून पाहिलं तर घसा बसतो. दातांत पेन्सिल धरून वाचायचा उपायही केला. उच्चार सुधारले, शेवट तसाच.

साउंडवाला त्याच दिवशी येणार, त्यामुळे आधी माइकवर सराव शक्य नाही. भाषणवर्गालाही वेळ नाही, घरीच करता येईल असं सांगा.

श्वास नेमका कुठे घ्यावा, म्हणजे शेवटच्या शब्दापर्यंत पुरेल? आणि आवाज घुमत असताना दोन वाक्यांमध्ये किती थांबायचं?