मदत हवी आहे: सर रॉजर न्यूडिगेट यांच्या वारसाला मिळकत नेमकी कशी मिळाली?

वॉरिकशायरमधल्या आर्बरी हॉलचे जमीनदार आणि १७५१ ते १७८० या काळात ऑक्सफर्ड विद्यापीठाचे खासदार राहिलेले सर रॉजर न्यूडिगेट (१७१९–१८०६) यांची वंशावळ मराठी लेखासाठी तयार करतेय. शेवटच्या पायरीवर अडलेय.

दोन लग्नं झाली. सोफिया कॉनियर्स १७७४ मध्ये वारल्या, मग १७७६ मध्ये हेस्टर मंडी. मूल कुणापासूनच नाही, त्यामुळे बॅरोनेट हा वंशपरंपरेने चालणारा किताब त्यांच्याबरोबरच संपला. आर्बरी मात्र नात्यातल्या फ्रान्सिस पार्कर यांच्याकडे गेलं आणि त्यांनी न्यूडिगेट आडनाव लावलं. (इंग्लिश कादंबरीकार जॉर्ज एलियटचे वडील रॉबर्ट इव्हान्स फ्रान्सिस यांचेच कारभारी, म्हणून हा माणूस मला महत्त्वाचा वाटतो.)

संसदेच्या इतिहासातली नोंद आणि बॅरोनेटांच्या वंशावळी वाचून झाल्यात. त्यांत लग्नं, मतदारसंघ सगळं मिळतं, मिळकतीच्या अटी नाहीत. कौटुंबिक कागद वॉरिकच्या अभिलेखागारात आहेत, पण मी पुण्यात, तिथे जाणं शक्य नाही. फ्रान्सिस यांच्यासाठी 'दत्तक' शब्द वापरायचा नाहीये, कारण तेव्हा इंग्लंडमध्ये कायदेशीर दत्तकविधान नव्हतंच.

इंग्लिश मिळकत कायदा जाणणाऱ्यांनी सांगावं: फ्रान्सिस यांना आर्बरी पूर्ण मालकीने मिळालं की फक्त हयातीपुरतं, आणि ते मृत्युपत्राने की आधीच्या कौटुंबिक करारनाम्याने?