टेबल सॉवर फळी मध्येच अडकते, मॅन्युअलमधले शब्द कळत नाहीत, मदत हवी आहे

भुसाभर: टेबलातून वर येणाऱ्या या करवतीला नवीन ब्लेड लावल्यापासून फळी अर्ध्यात अडकते, पुढे सरकतच नाही. मॅन्युअल उघडलं तर 'रिव्हिंग नाइफ आणि कर्फ जुळतात का पाहा' एवढंच. कर्फ म्हणजे ब्लेडची जाडी ना? मग जुळवायचं काय? आर्बर, बेव्हल, थ्रोट प्लेट, प्रत्येक पानावर नवा शब्द. कोणीतरी साध्या मराठीत सांगा. उद्या कपाटाची दारं कापायची आहेत.

उभीरेघ: फळी उभी (लाकडाच्या रेषांच्या दिशेने) फाडताय की आडवी कापताय? ब्लेडला दात किती? फेन्स (फळी टेकवून सरकवायची सरळ पट्टी) लावलीय की माइटर गेज (टेबलाच्या खाचेत सरकणारा, फळी कोनात धरणारा आधार)? ब्लेडच्या अलीकडे अडकते की पलीकडे? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

रंधा७२: दात जास्त असणार. १० इंची ब्लेडला उभ्या कापासाठी २४ दात पुरतात, आडव्यासाठी ६० ते ८०. ८० दातांनी जाड फळी उभी फाडायला गेलात की दातांमधल्या खाचांत भुसा मावत नाही, लाकूड जळून काळं पडतं. माझं हेच झालं होतं. २४ दाती लावा, प्रश्न मिटेल.

भुसाभर: ४० दाती आहे, जळत वगैरे काही नाही. उभंच फाडतोय, फेन्स लावून. ब्लेडच्या पलीकडे अडकते. शब्दांचं कोणी सांगेल का?

ओळंबा: सांगतो. ब्लेड ज्या दांड्यावर बसतं तो आर्बर. ब्लेडभोवती टेबलात बसवलेली, काढता येणारी पट्टी म्हणजे थ्रोट प्लेट. ब्लेडच कलतं करून कापलं तर बेव्हल, ब्लेड उभं ठेवून फळी तिरकी सरकवली तर माइटर. या दोघांत फार जणांची गल्लत होते.
आता मुद्द्याचं. कर्फ म्हणजे ब्लेडची जाडी नव्हे, ब्लेडने लाकडात पाडलेल्या चिरेची रुंदी. दातांची टोकं ब्लेडच्या पत्र्यापेक्षा रुंद असतात, म्हणून चीर पत्र्याहून रुंद पडते. ब्लेडच्या पाठीशी त्याच गोलाईत उभा असलेला पत्रा तो रिव्हिंग नाइफ. नाव नाइफ असलं तरी त्याला धार नसते. कापलेली चीर पुन्हा मिटू नये म्हणून तो असतो.

चौकट: फेन्स बघा आधी. मागच्या बाजूला केसभर मोकळी ठेवायची, फळी कधी अडकत नाही.

ओळंबा: नाही पटत. फेन्स माइटरच्या खाचेला समांतरच हवी. मागे मोकळी सोडली की फळी फेन्सला धरून तिरकी जाते आणि सुटा होणारा तुकडा ब्लेडच्या मागच्या दातांवर घासतो.

चौकट: मी कित्येक वर्षं तशीच ठेवतोय. घासत नाही.

शिसवी: कोणीच लिहिलं नाही म्हणून सांगते, हातमोजे घालून कापू नका. दातांत कापड अडकलं की हातही आत ओढला जातो.

उभीरेघ: @भुसाभर, पलीकडे अडकते म्हणजे नाइफवर आदळतेय. ब्लेडवर काय छापलंय? नाइफवरही जाडी कोरलेली असते, ती वाचा.

भुसाभर: ब्लेडवर '२५४ × २.२/१.६ × ३०'. नाइफवर २.५. तसा मी आत्ताच नाइफ काढून पाहिला, फळी मस्त सरकली. सुटला ना प्रश्न?

ओळंबा: थांबा! नाइफशिवाय एकही दार कापू नका. २५४ मिमी व्यास, २.२ कर्फ, १.६ पत्र्याची जाडी, ३० आर्बरचं भोक. नाइफ कर्फपेक्षा पातळ आणि पत्र्यापेक्षा जाड लागतो. २.५ चा नाइफ २.२ च्या चिरेत शिरणार कसा? अडकत होतं ते म्हणून.
नाइफ नसला आणि चीर मिटली, किंवा फळी ब्लेड आणि फेन्समध्ये चेपली गेली, की वर येणारे मागचे दात ती उचलतात आणि तुमच्या अंगावर फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात. माझ्या पोटावर बसलेला तुकडा जेमतेम वीतभर होता, वळ पंधरा दिवस राहिला. त्या तुकड्याच्या खालच्या अंगावर दातांनी ओढलेली कमान अजून दिसते.

चौकट: स्प्लिटर, म्हणजे चीर उघडी ठेवणारा ब्लेडमागचा स्थिर पत्रा, लावला तरी चालेल.

ओळंबा: स्प्लिटर ब्लेडबरोबर वरखाली होत नाही. यांच्याकडे नाइफ आहे, तोच वापरू द्या.

शिसवी: अवांतर: सॉस्टॉप कंपनीच्या टेबल सॉचा ब्रेक बोट लागताक्षणी ब्लेड थांबवतो.

उभीरेघ: हो, पण ओल्या लाकडानेही तो ब्रेक पडू शकतो, मग ब्रेकचं काडतूस आणि ब्लेड दोन्ही बदला. धागा त्यावर नाही.

भुसाभर: जुन्या ब्लेडवर ३.०/२.० आहे, म्हणजे २.५ बरोबर मध्ये बसतो. जुनंच लावलं, नाइफ परत घातला, एक फळी न अडकता गेली. नाइफ दातांपासून किती लांब ठेवायचा?

ओळंबा: साधारण ३ ते ८ मिमी, मॅन्युअलमध्ये आकडा असेल तो पाळा. हात घालण्याआधी प्लग काढा.

रंधा७२: जुन्याला दात किती?