शब्दचर्चा : इंजिनातल्या ‘व्हॅक्यूम’ला निर्वात म्हणावं का?

मालवी : काल इथे इंदुरात छावणीतल्या गॅरेजात गाडी नेली. उभ्या गाडीतून काळा धूर, पेट्रोल भसाभस. मेकॅनिकनं स्कॅनर लावला नि म्हणाला, “भिया, वैक्यूम कम है.” पडद्यावर आकडा 70, हवा होता म्हणे 35. मग कमी काय नि जास्त काय? आणि हा व्हॅक्यूम म्हणजे निर्वातच ना?

पान्हा : आकडा जास्त नि व्हॅक्यूम कमी, दोन्ही बरोबर. तो आकडा मॅप सेन्सरचा. हा सेन्सर व्हॅक्यूम मोजतच नाही, मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, निरपेक्ष दाब (पूर्ण पोकळीला शून्य धरून) मोजतो. आत सिलिकॉनचा पातळ पडदा. एका अंगाला सीलबंद पोकळी, दुसऱ्या अंगाला मॅनिफोल्डची हवा. पडदा वाकेल तसा त्यावरचा विद्युतरोध बदलतो. सेन्सरला 5 व्होल्ट मिळतात, त्यातून दाबाप्रमाणे कमीजास्त व्होल्ट ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडे, जातात. आयडलला, म्हणजे गाडी उभी नि इंजिन चालू असताना, थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद, म्हणून दाब 30-40 किलोपास्कल. तुमच्या सेन्सरची रबरी नळी चिरली असावी. बाहेरची हवा शिरते, आकडा फुगतो, ईसीयूला वाटतं तुम्ही घाट चढताय, आणि तो पेट्रोल ओततो.

राहिला शब्द. निर्वात म्हणजे वाराच नाही. इथे तर तिसरा हिस्सा हवा शिल्लक आहे! सेन्सर सांगतो किती उरलं, मेकॅनिक सांगतो किती गेलं. मी ‘ओढ’ म्हणेन. धुराड्याला असते तशी.

बडोदेकर : ओढ कसली? पिस्टन खाली जाऊन जागा करतो, बाहेरची हवाच आत ढकलली जाते. बाकी, इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली की आमच्याकडे 100च्या आसपास दिसतं.

पान्हा : इंदूर साडेपाचशे मीटरवर, तिथे 95च्या आसपास दिसेल. ढकलते खरी, पण पंपही ‘पाणी ओढतो’च की आपल्या भाषेत.

मालवी : आमच्या घरात सर्रास ‘हवेचा दबाव’ म्हणतात, हिंदीचा शेजार. आजीला खपत नसे. दबाव माणसांवर आणतात, हवेला दाब!

असो. नळी काढली. वरून धड दिसत होती, चिमटीत दाबल्यावर नखाएवढी चीर उघडली. नवी घातली, आकडा 36. मेकॅनिक म्हणाला, “अब वैक्यूम बढ़ गया.” मी आकडा उतरलेला पाहिला नि मान डोलावली.