कानात रातकिडे ओरडत असताना आनापानला बसायचं कसं?

दळणवाला५८:

नमस्कार मंडळी. सिन्नरला माझी पिठाची गिरणी आहे, 31 वर्षं झाली. गेल्या दोन वर्षांपासून दोन्ही कानांत रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येतो. चोवीस तास. दिवसा चक्कीच्या दणदणाटात कळत नाही, रात्री शटर ओढलं की मैफल सुरू. झोप गेली, चिडचिड वाढली. एकदा दळण न्यायला आलेल्या म्हातारीसमोर डबा आपटला, तेव्हा बायकोनंच श्रावणात मला इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला धाडलं.

शिबिराबद्दल तक्रार नाही. पहाटे चारची घंटा, अकराला जेवण, संध्याकाळी चहा-मुरमुरे, सगळं अंगवळणी पडलं. मौनाचं तर काहीच वाटलं नाही, गिरणीत तसंही कोण कुणाचं ऐकतं! पंचाईत झाली ती धम्महॉलमध्ये. पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर श्वास कुठं लागतो तेवढंच बघायचं. मी डोळे मिटले की श्वास राहिला बाजूला, कानात नुसता कल्ला.

पाऊस लागला की मात्र बरं वाटायचं. इगतपुरीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. धो धो कोसळायला लागला की कानातला आवाज त्यात बुडायचा आणि मला वाटायचं, जमलं, ध्यान लागलं. सातव्या दिवशी दुपारी लख्ख उघडीप पडली. अधिट्ठानाचा, म्हणजे न हलण्याच्या निश्चयाचा, तासभर हातपाय न हलवता मी फक्त ढग कधी येतात याची वाट बघत बसलो होतो. पायाला मुंग्या आल्या त्याचंही भान नव्हतं.

दहाव्या दिवशी मौन सुटलं तेव्हा एक जुने साधक म्हणाले, "तुमचे जुने संखार, मागच्या कर्मांचे मनावरचे ठसे, वर येताहेत. अजून दोन शिबिरं करा, आवाज आपोआप जाईल." घरी येऊन सहा आठवडे सकाळ-संध्याकाळ तासभर बसतोय. आवाज तसूभर कमी नाही. माझं चुकतंय कुठं? श्वास सोडून त्या आवाजावरच लक्ष ठेवू का? आणि पंखा लावून बसलो तर ती पळवाट होईल का?

कानमात्रा:

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, ध्यानातलं मला शून्य कळतं. काका, ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केलीत का? 85 डेसिबलच्या वर रोज तासन्‌तास कान राहिले की आतल्या बारीक केसपेशी मरतात आणि त्या परत उगवत नाहीत. गिरणीतली 31 वर्षं म्हणजे कारण शोधायला लांब जायला नको. दोन्ही कानांत सारखा आवाज आहे, त्यामुळे लगेच घाबरण्यासारखं नाही. पण आवाज एकाच कानात असेल, किंवा नाडीच्या ठोक्यावर वाजत असेल, तर दिवस न घालवता कानाच्या डॉक्टरांकडे जा.

पंख्याचं म्हणाल तर आम्ही स्वतःच रुग्णांना सांगतो की अगदी शांत खोलीत झोपू नका, हलका आवाज चालू ठेवा. शांततेत टिनिटस, म्हणजे कानातला हा आवाज, जास्त जाणवतो. तुमच्या हॉलमध्ये नेमकं तेच झालं.

उपासिका_नागपूर:

त्या जुन्या साधकांनी हेतू चांगला ठेवून सांगितलं असेल, पण मला राग आला. आवाज येतो तो तुमच्या मागच्या कर्मानं आणि जात नाही तो तुमच्या साधनेत खोट म्हणून, असं दोन्हीकडून माणसाच्याच डोक्यावर मारायचं! आमच्या विहारात गुडघेदुखीच्या बायकांना असं सांगणारी मंडळी येतात, म्हणून मी संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातलं सीवकसुत्त पाठ करून ठेवलंय. मोळियसीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना विचारतो, माणसाला जे काही सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मानं होतं असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचं मत काय? भगवंत यादीच देतात. पित्तानं वेदना होतात, कफानं, वातानं, तिन्ही एकत्र बिघडून, ऋतू बदलून, शरीराची नीट काळजी न घेतल्यानं, बाहेरून मार बसल्यानं, आणि आठवं कर्मविपाकानं. सगळं पूर्वकर्मानंच होतं म्हणणारे स्वतःच्या अनुभवाच्याही पुढे धावतात आणि जगाला जे सत्य म्हणून माहीत आहे त्याच्याही पुढे, असं स्पष्ट म्हटलंय.

31 वर्षं चक्कीशेजारी उघड्या कानांनी उभं राहणं मी त्या यादीत काळजी न घेण्याच्या खात्यात टाकेन. तुम्ही कुठं टाकता ते तुम्ही बघा.

गण्या_उवाच:

मोबाईलवर पावसाचा आवाज लावा, हेडफोन घाला, विषय संपला.

सोपारेकर:

गण्याभाऊ, विषय तिथंच तर सुरू होतो!

दळणवाले, मी नालासोपाऱ्यात राहतो. माझ्या खिडकीखालून विरार लोकल जाते, त्यामुळे आवाजाशी माझी जुनी ओळख आहे. आमच्या गावच्या एका माणसाची गोष्ट उदान या पाली ग्रंथात आहे. बाहिय दारुचीरिय, झाडाच्या सालीची वस्त्रं नेसणारा. सुप्पारक म्हणजे आमचं सोपारा. तो इथून निघून पार श्रावस्तीला गेला. भगवंत भिक्षेला निघालेले. यानं रस्त्यातच पाय धरले, मला धम्म सांगा. दोनदा ते म्हणाले, ही वेळ नाही. तिसऱ्यांदा सांगितलं, आणि किती थोडक्यात! दिट्ठे दिट्ठमत्तं, सुते सुतमत्तं. पाहण्यात फक्त पाहणं असेल, ऐकण्यात फक्त ऐकणं. थोड्याच वेळात वासरू असलेल्या एका गाईनं त्याला मारलं आणि तो गेला. भगवंतांनी भिक्षूंकडून त्याचा दाहसंस्कार करवला, त्याच्यासाठी स्तूप उभारायला सांगितलं, आणि तो परिनिब्बुत झाला, म्हणजे पूर्ण मुक्त होऊन गेला, असं म्हणाले. आमच्याकडे बुरुड राजाचा कोट म्हणतात ती टेकडी 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी खणली, तेव्हा आत निघाला तोही स्तूपच. बाहियचा नव्हे, पण बुद्धपौर्णिमेला तिथं गेलो की मला तोच आठवतो.

सुते सुतमत्तं हे बोलायला सोपं. सतिपट्ठान सुत्तात सहा आयतनांचा, म्हणजे इंद्रियं आणि त्यांच्या विषयांचा, भाग आहे, त्यात म्हटलंय की भिक्षू कान जाणतो, शब्द म्हणजे आवाज जाणतो, आणि त्या दोहोंमुळे जे बंधन तयार होतं तेही जाणतो. म्हणजे बंधन हे कान आणि शब्द यांच्याहून वेगळं धरलंय. आता तुमचीच पोस्ट परत वाचा. सातव्या दिवशी त्या तासाभरात तुम्हाला छळलं कुणी? रातकिड्यांनी की ढगांची वाट बघण्यानं? आणि पाऊस पडत होता तेव्हा 'जमलं' वाटलं ते तरी काय होतं? हवं ते मिळाल्याचा आनंद, दुसरं काय. मला ही गोष्ट समजायला पाच वर्षं आणि शेजाऱ्यांचा ड्रिलमशीनवाला सुतार लागला.

पद्धत मात्र मध्येच बदलू नका. श्वास तर श्वास. आवाजाकडे लक्ष गेलं तर गेलं, परत ओठाच्या वर या. नवीन काही करायचं असेल तर सहायक आचार्यांना विचारा, आमच्यासारख्यांना नको.

पंख्याबद्दल: मज्झिम निकायात सेखसुत्त आहे. कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवीन सभागृह बांधलं होतं. भगवंत रात्री उशिरापर्यंत बोलले आणि मग म्हणाले, आनंदा, पुढचं तू सांग, माझी पाठ दुखतेय, मी जरा आडवा होतो. आणि संघाटी, म्हणजे भिक्षूचं वरचं वस्त्र, चौपदरी अंथरून उजव्या कुशीवर पहुडले. ते जर पाठ टेकू शकतात, तर तुम्ही पंखा लावा की!

दळणवाला५८:

सगळ्यांचे आभार. ऑडिओमेट्री झाली. वरच्या पट्टीचं ऐकू येणं दोन्ही कानांत बरंच कमी झालंय, डॉक्टर म्हणाले हे आता असंच राहणार. त्या रात्री झोप लागली. का लागली कुणास ठाऊक.

पंखा लावून बसतो. परवा पहाटे बसलो असताना लाईट गेली आणि पंखा थांबला. पहिला विचार आला, आता कधी येणार. लगेच हसू आलं, सिन्नरच्या वीजमंडळाचे ढग! मग परत श्वासावर आलो. एकूण चाळीस मिनिटं बसलो असेन. आवाज होताच, मध्ये काही वेळ मी त्याच्या मागं गेलो नाही, एवढंच सांगता येईल.

उपासिकाताई, मी ते त्याच खात्यात टाकलं. गिरणीत हाताखाली एक पोरगा आहे, वय 19. त्याच्यासाठी कानावर लावायचे मफ आणले, लाल रंगाचे. बायका हसतात म्हणून घालत नव्हता. आता मीही घालतो. दळण किती किलो हे बोटांनी दाखवावं लागतं.